वगळलं, मग काय घातलं?

गेल्या चातुर्मासात एका दुपारी आमच्या सोसायटीतली एक नवी सून माझ्याकडे आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेर सोलापूरकडचं, सासर इथं सुरतेत अडाजणला. हातात आमच्या महिला मंडळाची पाककृतींची पुस्तिका होती आणि एका पानावर हळदीच्या बोटाचा डाग होता. "काकू, ही कढी तुमचीच ना?" तिनं विचारलं. कृतीखाली माझं नाव छापलेलं. नाही कसं म्हणणार?

"तुम्ही लिहिलंय तस्सं केलं. ताक आधी तापवलं, मग बेसन घातलं. फाटली. घरी पंधरा माणसं जेवायला होती." एवढं बोलून ती थांबली. मग खाली बघत म्हणाली, "आई म्हणाल्या, हिच्या हाताला कढी नाही."

मी चष्मा लावून माझीच कृती वाचली. 'द्विदळाचा दोष टाळण्यासाठी ताक आधी चांगले तापवून घ्यावे. नंतर त्यात बेसन घालून उकळी आणावी.' पुढे फोडणी, मीठ, गूळ, कढीलिंब. शास्त्राच्या दृष्टीनं काही चूक नव्हती. पण कृती अर्धीच होती, आणि राहिलेल्या अर्ध्याचा दोष त्या पोरीच्या हाताला लागला.

हा लेख म्हणजे त्या पुस्तिकेचं परीक्षण आहे. तशा पुस्तिका गावोगावच्या मंडळांनी काढल्यात, पर्युषणात वाटल्यात, लग्नात आहेर म्हणून दिल्यात, त्या सगळ्यांचं म्हणा हवं तर. मी स्वतः त्यात लिहिलंय, त्यामुळे टीका करताना कुणाचं मन दुखवायची भीती नाही. पहिलं माझंच दुखलंय.

आधी कढीचं सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

ज्या घरांत द्विदळाचा नियम नाही, तिथं कढी कशी करतात? थंड ताकात बेसन कालवतात, गुठळ्या मोडतात आणि मग ते चुलीवर ठेवतात. बेसन कढी दाट करतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं दुसरं काम कुणी सांगत नाही. दह्यात दुधाचं प्रथिन आधीच आंबून गोठलेलं असतं. उष्णता लागली की ते आणखी आकसतं, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं आणि त्याचे कण बनतात. यालाच आपण फाटणं म्हणतो. पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, त्या प्रथिनांच्या मधे मधे जाऊन बसतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणजे बेसन तिथं ताकाची राखण करत असतं.

आता आपला नियम बघा. कच्चं दही-ताक आणि ज्याची दोन दळं होतात ते धान्य एकत्र करायचं नाही. ताक आधी तापवायचं, मग बेसन. म्हणजे ज्या घडीला ताकाला राखणदाराची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्या घडीला आपण त्याला बाहेर उभं करतो. कढी फाटणार नाही तर काय होईल?

तरी आमच्या घरी तीस वर्षांत कढी फाटली नाही. का? त्या मुलीसमोर बसून मी मनातल्या मनात कढी करून पाहिली तेव्हा उमगलं. माझ्या सासूबाई थंड ताकात चमचा-दोन चमचे तांदळाचं पीठ कालवायच्या. मी नवी असताना एकदा विचारलं होतं, हे कशाला? "असंच असतं," म्हणाल्या. तांदूळ द्विदळात येत नाही, त्यामुळे कच्च्या ताकात तो चालतो. आणि स्टार्च त्याच्यातही आहेच. तांदूळ राखण करतो, ताक निर्धास्त तापतं, मग पाण्यात कालवलेलं बेसन वरून येतं. नियमही राहतो, कढीही राहते. कुणा जुन्या बाईनं, जिला स्टार्च हा शब्द कधी ठाऊक नव्हता, तिनं हा मार्ग काढला असेल. तीस वर्षं माझा हात तेच करत आला, आणि लिहायला बसले तेव्हा तेवढी एक ओळ राहिली. हाताला पाठ झालेलं कागदावर उतरत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आपल्या पुस्तिकांचा मोठा दोष इथंच आहे. त्या काय करू नये हे सांगतात. जे काढलं ते काय काम करत होतं, आणि आता ते काम कोण करणार, हे सांगत नाहीत.

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा मोठी आहे. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत गेलं. माझ्या आईनं ते मला सुरतेला येताना पेटीत घालून दिलं होतं. त्या पुस्तकाचं मोठेपण मला मापात वाटतं. वाटी आणि चमचा ही कुठल्याही घरातली भांडी मोजमाप म्हणून घेतली, त्यामुळे आईपासून लांब गेलेल्या मुलीलाही स्वयंपाक जमू लागला. 'अंदाजानं घाला' या वाक्यात आत्मविश्वास असलेल्या बाईचं भागतं, नवखीचं भागत नाही. पण 'रुचिरा' काही आमच्या नियमांसाठी लिहिलेलं नव्हतं. आणि पाककृतीतली एक वस्तू काढली की तिचं मापच मोडतं. उरलेल्या वस्तूंचं प्रमाण तेच ठेवून चालत नाही.

हे मला सुरतेत आल्यावर कळलं. माझं माहेर सांगलीकडचं. आमच्या घरी चातुर्मासात कांदा बंद, एरवी चालायचा. इथं तो बारमाही बंद. पहिल्या महिन्यात मी माहेरच्या सगळ्या रस्साभाज्या कांदा वगळून केल्या. चव कमी पडली त्याचं वाईट वाटलं नाही, ते गृहीत होतं. पण रस्सा धरेचना. ताटात वाढला की पाणी एकीकडे, टोमॅटोचा चोथा एकीकडे, आणि वर तेलाचा तवंग. मी मसाला वाढवला, तिखट वाढवलं. काही उपयोग झाला नाही, कारण दुखणं चवीचं नव्हतंच.

कांदा काय करतो? त्यात बहुतेक पाणीच असतं, पण उरलेल्या भागात साखर असते आणि पेशींच्या भिंतींचा मऊ चोथा असतो. परतून वाटला की तो चोथा पाणी धरून ठेवतो, तेलाचे थेंब आपल्यात अडकवतो, आणि साखर तांबूस होऊन रंग आणि गोडवा देते. एक वस्तू, तीन कामं. म्हणून कांद्याच्या जागी एकच वस्तू शोधायची हा प्रश्नच चुकीचा आहे. कामं वाटून द्यावी लागतात. अंगासाठी काजू किंवा मगज, कारण त्यांतलं प्रथिन आणि स्निग्धांश पाणी आणि तेल दोघांनाही धरून ठेवतात. आमच्या सांगलीकडचं दाण्याचं कूटही तेच करतं, आणि स्वस्तात करतं. गोडव्यासाठी चांगली परतलेली कोबी किंवा दुधी. दुधीत पाणी फार, म्हणून आधी ते आटवायचं, नाहीतर रस्सा पुन्हा पातळ. वासासाठी हिंग. आल्याच्या जागी सुंठ.

आता आमच्या पुस्तिकेत बघा. निम्म्याहून जास्त रस्साभाज्यांखाली एकच ओळ आहे, 'कांदा-लसूण वगळून नेहमीप्रमाणे करावे.' नेहमीप्रमाणे! ज्या घरात नेहमी कांदा नसतो, तिथं हे 'नेहमी' कुठून आणायचं? ही ओळ कांदा खाणाऱ्या घरातून उचललेली आहे. आपल्याच पुस्तकात आपण पाहुण्यासारखे उभे आहोत.

बटाट्याचं तसंच. पावभाजीत बटाटा गेला की कच्चं केळं येतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पुस्तिकेतही आहे. पण केळ्याचा स्टार्च बटाट्यासारखा वागत नाही. भाजी तव्यावर असते तेव्हा ठीक वाटते, आणि गार होता होता घट्ट गोळा बनते. म्हणून ती तव्यावरून उतरवताना थोडी सैलच ठेवायची, आणि वाढताना गरम पाण्याचा हात द्यायचा. केळं सोलून उकडलं तर काळं पडतं, सालासकट उकडलं तर कमी. हिवाळ्यातल्या उंधियूत कंद आणि रताळं नसलं की भाजीला अंग येत नाही. तिथं केळं आणि पापडी असतातच, पण मेथीची मुठियाही रस शोषून घेते आणि सुटलेलं पीठ रसाला दाटपणा देतं. म्हणून जैन उंधियूत मुठिया थोडी जास्त लागते आणि काही मुद्दाम मोडून घालाव्या लागतात. हे मला शेजारच्या गुजराती बेननं स्वयंपाकघरात उभं राहून दाखवलं. कुठल्या पुस्तकानं नाही.

आता कुणी म्हणेल, आणि आमच्या मंडळात एका ज्येष्ठ बाईंनी म्हटलंही, की एवढा विचार कशाला? त्याग म्हटला की थोडं कमी-जास्त होणारच. रसपरित्याग हे तप आहे. रस्सा पातळ झाला तर पातळ खावा.

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्याला रस सोडायचा आहे त्यानं जरूर सोडावा, मी नमस्कार करीन. पण त्या दिवशी जी कढी मोरीत गेली, तिला कुणाचा त्याग म्हणायचं? खाणाऱ्यांनी नियम घेतले, आणि तो नियम निभावून नेण्याचं काम एका बावीस वर्षांच्या मुलीवर आलं. तिला कुणी काही शिकवलं नाही, आणि जमलं नाही तेव्हा हाताचा दोष काढला. तप एकाचं आणि अपमान दुसऱ्याचा, याला तप म्हणवत नाही. शिवाय टाकून दिलेल्या अन्नाचं काय? त्यात जीव उत्पन्न होतात म्हणून आमच्या शेजारच्या बेन जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पितात, कणही वाया घालवत नाहीत. पातेलंभर कढी ओतून देताना तो विचार कुठं जातो? पदार्थ नीट टिकणं, नीट जमणं, हा चैनीचा विषय नाही. तो अहिंसेच्या हिशेबातलाच आहे.

दुसरी तक्रार मला अलीकडच्या हौशी पुस्तकांबद्दल आणि वर्गांबद्दल आहे. तिथं उलटा प्रकार आहे. तिथं वगळलेल्याच्या जागी काय घालायचं ते सांगतात, पण ते एका पुडीत मिळतं. अंड्याविना केकचं तयार मिश्रण, जेलीची पुडी, आइस्क्रीमची पांढरी भुकटी. एका वर्गात मी स्वतः पैसे भरून गेले होते. शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "या भुकटीत काय आहे?" म्हणाल्या, "प्युअर व्हेज आहे, चालेल." मी विचारलं होतं काय आहे, उत्तर मिळालं चालेल. आपल्या समाजात या दोन प्रश्नांची कायम गल्लत होते.

खरं तर त्या भुकटीत काय असतं हे कळलं तर भीती निम्मी कमी होते आणि सावधपणा वाढतो. गवार गम म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचं पीठ. राजस्थानात ती भरपूर पिकते, आणि आपला देश हे पीठ जगाला पुरवतो. बियांतला हा भाग पाण्यात फुगून चिकट होतो. आइस्क्रीममध्ये तो पाणी बांधून ठेवतो, त्यामुळे वीज गेली, आइस्क्रीम अर्धवट विरघळलं आणि पुन्हा गोठलं तरी बर्फाचे मोठे खडे पटकन होत नाहीत. चिमूटभर पुरतो. जास्त झाला की जिभेला बुळबुळीत लागतं. हे माहीत असेल तर भुकटीची पुडी विकत घ्यायचीही गरज नाही. झॅन्थन गम मात्र वेगळा. तो वनस्पतीचा नाही, साखरेच्या पाण्यात एका जीवाणूकडून आंबवून करवतात. तो शोधण्याच्या कामात अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या ॲलिन जीन्स या बाईंचा मोठा वाटा होता. ज्यांना आंबवलेलं चालत नाही त्यांनी त्याचा विचार वेगळा करावा. पण विचार करायला आधी माहिती लागते.

जिलेटिन हाडांपासून आणि कातड्यांपासून होतं, ते तर प्रश्नच नाही. पण त्याच्या जागी चायना ग्रास घाला असं लिहून भागत नाही. जिलेटिन सुमारे ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात घातलं की विरघळतं. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, आणि एकदा घट्ट झालं की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. फायदा असा, की सुरतेच्या मे महिन्यात ताटात ठेवलेली जेली उभी राहते. तोटा असा, की ती तोंडात विरघळत नाही, दातांना कचकच लागते. म्हणून जिलेटिनच्या मापानं ते घालायचं नाही. बरंच कमी घ्यायचं, चांगलं उकळून विरघळवायचं आणि दुधाबरोबर करायचं, म्हणजे मऊ होतं. आणि एक गोष्ट. शेवाळ आपल्या शास्त्रात अनंतकायात मोजतात, त्यामुळे काही घरांत चायना ग्रासही चालत नाही. त्यांना कॉर्नफ्लोअरची किंवा आरारूटची खीर बरी, असं लिहायला मी निघाले होते, पण आरारूट हाही कंदच! बघा, एका ओळीत किती खड्डे असतात.

अंड्याचं काम तर सगळ्यात गुंतागुंतीचं. ते फेसलं की हवा धरतं, तापलं की घट्ट होतं, आणि बलकामुळे तेल-पाणी एकत्र राहतं. अंड्याविना केक बसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा असं की हवा धरायला सोडा-दही घातलं, पण ती हवा बांधून ठेवायला कुणीच नाही. दूध आटवून घातलं की दुधाचं प्रथिन थोडं ते काम करतं. म्हणून कन्डेन्स्ड मिल्कच्या केकला अंग येतं, आणि त्यातली साखर पाणी धरून ठेवते म्हणून तो लवकर वाळत नाही. २०१४ साली एका फ्रेंच गायकानं, जोएल रोसेलनं, दाखवून दिलं की छोले शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसता येतं. जगभर कौतुक झालं. मला कौतुकाबरोबर थोडं हसूही आलं. हरभऱ्याचं प्रथिन हवा धरतं, ही गोष्ट सुरतेला कुणी नव्यानं सांगायची?

इथं खमण रोज पहाटे वाफेवर चढतं. भिजवलेल्या चणाडाळीच्या किंवा बेसनाच्या पिठात आंबट आणि सोडा भेटले की वायूचे बुडबुडे होतात, आणि वाफेत डाळीचं प्रथिन आणि स्टार्च त्या बुडबुड्यांभोवती घट्ट होतात. म्हणून सोडा शेवटी घालायचा आणि लगेच वाफेवर ठेवायचं, नाहीतर वायू निघून जातो आणि खमण बसतं. सोडा नीट मिसळला नाही तर लाल ठिपके दिसतात, कारण हळद सोड्यानं लाल होते. तेवढ्यावरून जाणती बाई सांगते, घाई झाली म्हणून. आणि पिठात पाणी जास्त झालं, खमण धरलंच नाही, तर? सुरतेत त्याला लोचो म्हणतात. गुजरातीत लोचो म्हणजे घोटाळा, आपण मराठीत लोचा म्हणतो तेच. खमण बिघडलं त्यातून हा पदार्थ झाला, असं इथं सगळेच सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, आज तो वर शेव, मसाला आणि तेल किंवा लोणी घालून हौसेनं खातात. बिघडलेल्या पदार्थाला नाव देऊन मानानं वाढायचं, हे या गावाचं मोठेपण. त्या सुनेच्या कढीला असं भाग्य मिळालं नाही.

नानखटाईचंही तसंच सांगतात. डच व्यापाऱ्यांच्या काळातली बेकरी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली. पाव ताडीनं फुगवलेला आणि अंडी घातलेला, म्हणून गावातले लोक घेईनात. तेव्हा अंडी आणि ताडी सोडून जे काही भाजलं, त्यातून सुरतेची नानखटाई आली. तिची गंमत बघा. गव्हातलं प्रथिन पाणी लागलं की चिवट होतं, पावाला तेच हवं असतं. नानखटाईत तुपाचं मोहन पिठाच्या कणांवर चढतं, पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो चिवटपणा येत नाही आणि ती तोंडात खुसखुशीत फुटते. हवा लागते ती तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसून भरलेली असते. अंड्याचं एकही काम तिथं उरलेलं नाही.

म्हणून नानखटाईला कुणी 'अंड्याविना बिस्कीट' म्हणत नाही. खमणाला कुणी 'जैन केक' म्हणत नाही. चांदणी पडव्याच्या घारीवर तुपाचा जाड थर असतो, तो हवा आत जाऊ देत नाही म्हणून आतला मावा टिकतो. तिलाही कुणी कशाचा पर्याय म्हणत नाही. जो पदार्थ आपल्या वस्तूंचं काम ओळखून बनतो, त्याला स्वतःचं नाव मिळतं. जो नुसता वगळून बनतो, त्याच्या नावात कायम उणीव राहते. जैन पिझ्झा, जैन मेयोनीज, जैन अमुक. आपल्या पुस्तिकांची अनुक्रमणिका अशा नावांनी भरलेली आहे, आणि खमण, ढोकळे, मुठिया, आमच्याकडचं दाण्याच्या कुटाचं वांगं किंवा कटाची आमटी, हे सगळं 'पारंपरिक' म्हणून शेवटच्या चार पानांत. मला हे उलटं हवं होतं.

वेष्टनांचाही एक धडा पुस्तिकेत हवा होता. हिरवा ठिपका पाहिला की आपण निश्चिंत होतो. पण हिरवा ठिपका प्राणिज नाही एवढंच सांगतो. कांद्याची भुकटी, लसूण, बटाट्याचा स्टार्च यांनाही हिरवाच ठिपका. आणि मागे बारीक अक्षरांत आकडे असतात. ४१२ म्हणजे गवार गम, ४०७ समुद्री शेवाळाचं, ४२८ जिलेटिन. ४७१ हा तेल-पाणी एकत्र ठेवणारा घटक वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. आकड्यावरून ते कळत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं ९ डिसेंबर २०२१ च्या आदेशात हेच म्हटलं, की घटक नुसत्या सांकेतिक नावानं न सांगता तो वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हेही उघड करावं, आणि प्राणिज अंश कितीही थोडा असला तरी पदार्थ शाकाहारी म्हणून विकू नये. न्यायालयाला कळलं ते आपल्या पुस्तिकेला कळायला हरकत नव्हती. घरात वेष्टन वाचायचं काम शेवटी कुणाच्या वाट्याला येतं, ते मी सांगायला नको.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. थोडी कुरकुर झाली, मग दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. माझी एकच मागणी आहे. प्रत्येक कृतीत 'वगळावे' हा शब्द आला की त्यापुढे दोन ओळी लिहायच्या. जे वगळलं ते काय करत होतं, आणि आता ते काम कोण करणार. लिहिणारीला या दोन ओळी येत नसतील तर तिनं ती कृती देऊ नये. मी माझ्यापासून सुरुवात केली. माझी कढी आता अशी छापली जाईल.

एक लिटर ताक घ्यावं, फार आंबट नको. थंड असतानाच त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ कालवावं. हे पीठ ताकाला फाटू देत नाही, ते विसरू नये. मंद आचेवर ठेवावं आणि वाफा येऊन बोट बुडवता येणार नाही इतकं तापेपर्यंत ढवळत राहावं, हात थांबवू नये. दोन चमचे बेसन वेगळ्या पाण्यात कालवून ते आता घालावं. एक उकळी आली की आच कमी करून बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत शिजवावं. मग मीठ, गूळ आणि फोडणी.

त्या मुलीला बोलावून मी ही कढी तिच्याकडूनच करून घेतली, माझ्या स्वयंपाकघरात. मी फक्त जवळ उभी होते. तिनं तांदळाचं पीठ घातलं, ढवळत राहिली, आणि वाफ यायला लागली तेव्हा घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ढवळ. कढी गुळगुळीत उतरली. वाटीत काढून तिनं चाखली आणि पहिला प्रश्न विचारला, "मग काकू, हे पुस्तकात का नव्हतं?"

मी तिला खरं तेच सांगितलं. "माझ्या लिहायचं राहिलं. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता." दुसरं वाक्य मी तिच्या सासूबाईंनाही जाऊन सांगितलं.